मोपाला आला नि घरी न येता परत गेला

माझा मावसभाऊ गेल्या डिसेंबरात सकाळच्या विमानाने मोपाला, म्हणजे उत्तर गोव्यातल्या नव्या विमानतळावर उतरला, बाहेर येऊन कॉफी प्यायला, परत सिक्युरिटीतून आत गेला आणि पुढच्या विमानाने मुंबईला रवाना. मावशीचं घर बांद्याला, गोव्याच्या हद्दीवर, तिथून मोपा किती जवळ ते इकडच्या माणसाला सांगायला नको. मावशीला हे कळलं ते त्याने टाकलेल्या फोटोवरून. तिने लगेच फोन लावला, "हयसर पावत इलंस आणि घराक येवक जमला नाय? आयशीक भेटूक टायम नाय तुका?" त्यावर हा गडी तिला शांतपणे म्हणतो, आई मी गावाला आलोच नव्हतो, मी फक्त सेगमेंट करायला, म्हणजे खात्यात एक फ्लाइट मोजून घ्यायला आलो होतो.

मावशीने तो फोन माझ्याकडे दिला. मी बोटीवर नोकरी केलेला माणूस, विमानातलं मला कळतं असा घरात समज आहे. तर तिला जे समजावलं तेच इथे लिहितो, आणि माझं मतही लिहितो, कारण हा प्रकार आपल्याकडच्या आयटीवाल्या आणि कन्सल्टिंगवाल्या पोरांमध्ये बराच वाढलाय.

विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांना बक्षीस द्यायला प्रोग्रॅम चालवतात, त्यातल्या बहुतेकांत दोन वेगळी खाती असतात. एक खातं मैलांचं, ते खर्चून फुकट तिकीट किंवा अपग्रेड घेता येतं. दुसरं खातं स्टेटसचं, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम वगैरे दर्जाचं. हे दुसरं खर्च करता येत नाही, ते दरवर्षी नव्याने कमवायचं. वर्षभरात ठरावीक पॉइंट किंवा काही ठिकाणी ठरावीक फ्लाइट झाल्या नाहीत की गोल्डवाला खाली सिल्व्हरवर येतो. मग वर्ष संपत आलं की ज्यांचं थोडक्यात अडलंय ते लोक स्वस्तातलं तिकीट शोधून कुठेतरी जाऊन परत येतात. कुठे जायचं त्याला महत्त्व नाही. मोपा असो की मदुराई. ह्याला मायलेज रन म्हणतात, आणि मुंबई-मोपा म्हणजे तर तासाभराची उडी, फ्लाइट मोजून घ्यायच्या असतील तर एकदम सोयीची.

ह्यातल्या डोकेबाजपणाचं मला कौतुक आहे हे आधीच सांगतो. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने त्यांचा अॅडव्हांटेज प्रोग्रॅम काढला, त्याच्या पाठोपाठ बाकीच्यांनी काढले, आणि तेव्हापासून माणसं त्यातल्या फटी शोधतायत. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनियरने बघितलं की एका कंपनीच्या पुडिंगच्या डब्यांवरचे बारकोड पाठवले की मैल मिळतात आणि त्या मैलांची किंमत पुडिंगपेक्षा जास्त होते. त्याने साधारण ३,१०० डॉलरचे १२ हजारांवर डबे उचलले, लेबलं सोलायच्या बदल्यात पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं, आणि बारा लाखांच्या वर मैल जमवले. दुसरा किस्सा अमेरिकन टांकसाळीचा. सरकारला एक डॉलरची नाणी चलनात आणायची होती म्हणून ती क्रेडिट कार्डवर, दर्शनी किमतीत, घरपोच फुकट मिळत होती. लोकांनी खोकीच्या खोकी मागवली, तशीच नेऊन बँकेत भरली, त्याच पैशातून कार्डाचं बिल भरलं आणि कार्डावरच्या खर्चाचे मैल खिशात. २०११ ला टांकसाळीच्या लक्षात येऊन कार्डवर विक्री बंद केली. असलं काही कोणी केलं तर मी त्याला घरी बोलावून सोलकढी पाजीन. घरात बसून, एक थेंब इंधन न जाळता, कंपनीच्या नियमातच कंपनीला गाठलं.

मायलेज रन तसला नाही. तिथे तुम्ही त्यांचंच तिकीट विकत घेऊन त्यांचीच सीट भरता आणि वर म्हणता बघ कसा गंडवला.

जुन्या काळी तरी गणित होतं. मैल म्हणजे खरोखरचे मैल होते, तिकीट कितीलाही मिळालेलं असो. लांबचं आणि पडेल भावातलं तिकीट शोधलं की जिंकलात. पण २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने मैल अंतरावर देणं सोडून भाड्याच्या रकमेवर द्यायला सुरुवात केली, २०१६ ला अमेरिकनने तेच केलं, आणि आता आपल्याकडेही तीच हवा आहे, जितके रुपये तितके पॉइंट. मग स्वस्त तिकिटावर उडून काय हाती लागणार? फ्लाइटच्या संख्येवर जिथे स्टेटस मिळतं तिथेच थोडाफार खेळ उरलाय, तोसुद्धा कंपनीच्या मर्जीवर, कधी नियम बदलतील सांगता येत नाही.

आणि कंपनीच राहील ह्याची तरी खात्री काय. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ ला जमिनीवर आली. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उड्डाण केलं, त्यांचे पॉइंट पुढे इंटरमाइल्स नावाने जगले पण प्लॅटिनम कार्ड दाखवायला विमानच उरलं नाही. विस्तारा नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्तारावाले महाराजा क्लबमध्ये गेले. माझ्या ओळखीतल्या एकाने ह्यातल्या दोन कंपन्यांमध्ये वरचं स्टेटस कमावलं होतं. ती दोन्ही कार्डं त्याच्या पोराने कॅरमच्या पावडरची रेघ सरळ करायला घेतली, त्याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

बरं ह्या सगळ्यात कमावतं कोण, तर कंपनी. मैल छापायचे, बँकांना विकायचे, बँक ते कार्डवाल्यांना वाटणार. २०२० मध्ये विमानं बंद पडली तेव्हा युनायटेडने कर्ज काढायला आपला मायलेज प्लस प्रोग्रॅम गहाण टाकला. त्याची किंमत धरली साधारण २२ अब्ज डॉलर, आणि तेव्हा शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत त्याच्यापेक्षा बरीच कमी होती! विमानं, विमानतळावरच्या उतरण्या-उडण्याच्या वेळा, सगळं धरून. आपण डिसेंबरात धावपळ करून जे राखतो ते कोणाचं तारण आहे ते बघा.

आता मिळतं काय ते पण प्रामाणिकपणे बघू. स्टार अलायन्स ह्या विमान कंपन्यांच्या गटाचं गोल्ड असेल तर लाउंज, लवकर बोर्डिंग, बॅग आधी येते, आणि २० किलो किंवा एक बॅग जादा. शेवटची गोष्ट खरी कामाची, विशेषतः आपल्या लोकांना. एप्रिल-मे मध्ये दुबईला जाणाऱ्याला विचारा २० किलो म्हणजे काय ते, हापूसच्या पेट्या, कोकमं, फणसपोळी, सुके बांगडे आणि शेजारणीने तिच्या मुलासाठी दिलेली गोड्या मसाल्याची पिशवी. पण लाउंजचं म्हणाल तर मुंबईत हल्ली डेबिट कार्डवरसुद्धा आत सोडतात, रांग बघितली तर गणपतीतलं दादर स्टेशन आठवतं. त्या रांगेत उभं राहायला मी दरवर्षी विमानाने चकरा मारायच्या?

आणि माझं खरं दुखणं वेगळंच आहे. रत्नागिरी, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन ह्या पट्ट्यात घराघरातला माणूस पिढ्यान् पिढ्या आखातात आहे. कुवेत, सौदी, कतार. तो माणूस पंचवीस वर्षं येतो जातो, सुट्टी मिळेल तेव्हा, मयत झालं तर मिळेल त्या विमानाने. त्याचं तिकीट काढतो एजंट, सर्वात स्वस्त क्लासचं, ज्यावर मैल थोडे किंवा शून्य. कधी ही कंपनी कधी ती, त्यामुळे एका खात्यात काही साठतच नाही. बोटीवरच्यांचं तेच. आम्हाला मॅनिंग एजंट, म्हणजे बोटीला माणसं पुरवणारा, तिकीट पाठवायचा, सिंगापूरला बोटीवर चढायचं, रॉटरडॅमला उतरायचं, मरीन फेअरवर, म्हणजे बोटवाल्यांसाठीच्या खास भाड्यावर सामान जास्त न्यायला मिळायचं हे खरं, पण मैल कधी मिळायचे कधी नाही, आणि विचारायचं कोणाला सुचायचंही नाही, कधी घरी पोचतो असं व्हायचं. विमानावर ज्यांचं घर चाललंय त्यांना कोणी गोल्ड म्हणत नाही, आणि ज्याला कुठे जायचंच नाही त्याच्या बॅगेला प्रायॉरिटीचा टॅग. मावसभावाला हे बोललो तर म्हणाला दादा तू इमोशनल होतोयस, सिस्टिम तशीच आहे. असेल. म्हणून तिच्यात स्वतःचे पैसे घालायचे का?

धुराचं मी फार बोलणार नाही, मी स्वतः जन्मभर बोटीचं इंजिन चालवलंय. पण २०१९ मध्ये ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी झालेल्या एका अहवालात अशा मैलांच्या योजनांवर बंदीच घाला असं सुचवलं होतं, कारण त्या माणसाला गरज नसताना उडवतात. तो वाचताना मला आमचा मोपाचा कॉफीवाला पाहुणाच दिसला.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे विमान तुम्ही घेणारच होतात त्याचे मैल एक सोडू नका, आणि जे घेणार नव्हतात ते स्टेटससाठी घेऊ नका. ऑफिस तिकीट काढतंय, कार्ड आपोआप वर चढतंय, तर मजा करा, माझी काही हरकत नाही. स्वतःच्या खिशातून डिसेंबरात उडायची वेळ आली की कार्ड खाली येऊ द्या, सिल्व्हरवर कोणी मेला नाही आजवर.

आणि आखातातल्या नि बोटीवरच्या भावांनो, तुमच्यासाठी मुद्दाम. मेंबरशिप फुकट असते. पुढच्या वेळी एजंटला तिकीट काढतानाच नंबर द्या, आणि दोन-तीन कंपन्यांत फिरण्यापेक्षा भाडं सारखंच असेल तर एकीलाच धरा. नंबर घालायचा राहिला असेल तरी बहुतेक प्रोग्रॅममध्ये मागच्या काही महिन्यांची फ्लाइट क्लेम करता येते, त्यासाठी बोर्डिंग पास आणि ई-तिकीट नंबर लागतो, म्हणून मैल खात्यात जमा होईपर्यंत तो पास फेकू नका. काही ठिकाणी घरच्यांचे मैल एकत्र करता येतात, तेही विचारा. मुदत बघा, बऱ्याच ठिकाणी मैल शिळे होतात. आणि बोर्डिंग पासचा फोटो इथे टाकायची हौस असेल तर पीएनआर (बुकिंगचा नंबर) आणि बारकोड झाकून टाका, तेवढ्यावर कोणीही तुमच्या बुकिंगमध्ये शिरू शकतं.