लिंक भरली का?

गुरुजी, बाई, घाबरू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. तुम्ही त्याच्या आधीपासून आहात. पहिला नियम, धोरण वाचायचे नाही. वाचलेला माणूस शिक्षण परिषदेत पकडला जातो आणि पुढच्या प्रशिक्षणाला ‘सुलभक’, म्हणजे इतरांना शिकवणारा, म्हणून रवाना होतो. ५+३+३+४ ही शालेय वर्षांची नवी विभागणी तेवढी पाठ ठेवा आणि गंभीर दिसा.

हे सगळे आधीही झाले आहे, असे जुनी मंडळी म्हणतील. त्यांच्याशी वाद नको, त्यांची जुनी दप्तरे मागून घ्या. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा मुलाकडे पाहायचे आणि दिसेल ते लिहायचे होते. आपण पाहणे गाळले. ‘स्पष्ट व शुद्ध वाचन करतो’, ‘खेळात रस घेतो’, ‘मित्रांना मदत करतो’ अशा तयार नोंदी हातोहात फिरल्या आणि वर्गच्या वर्ग एका रात्रीत मदतशील झाले. आता समग्र प्रगतिपत्रक आले आहे. त्यात मुलाचे मत, त्याच्या मित्राचे मत, पालकांचे मत, शिवाय तुमचे. चार वेगवेगळी पेने आणा. खर्च तेवढाच.

वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर प्रशिक्षणाचा व्हिडिओ लावा, फोन चार्जिंगला ठेवा आणि पोषण आहाराचा तांदूळ मोजून या. प्रश्नावलीची उत्तरे तोवर व्हॉट्सॲपवर आलेली असतात.

सांभाळायचे ते निपुण भारत या केंद्राच्या अभियानापासून. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता आला पाहिजे, असे ते म्हणते. यातली अडचण अशी की ही मागणी रास्त आहे, आणि एखाद्या शिक्षकाला ती मनावर घेण्याचा मोह होऊ शकतो. शाळा द्विशिक्षकी, वर्ग चार, त्यात सोबतचे गुरुजी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयाद्या घेऊन गावभर. अशात तुम्ही एका पोरीला जोडाक्षरे शिकवत बसलात, तर वरून आलेल्या ऑनलाइन लिंकवर माहिती कोण भरणार? वरून फोन येतो तो ‘किती पोरं वाचायला लागली?’ असा नाही. ‘लिंक भरली का?’ असा येतो. दुपारी बाराच्या आत.

घाई तर मुळीच नको. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला सगळे मागे घेतल्याची घोषणा झाली. मधला बराच काळ उन्हाळी सुट्टीचा. ज्यांनी या काळात काडीही हलवली नाही, त्यांचीच अंमलबजावणी अचूक ठरली.

उपक्रमाचा फोटो मात्र चुकवू नका. मुले गोलात, मध्ये रंगीत खडे, कोपऱ्यात तुम्ही हसताना. फळ्यावरची तारीख तेवढी बदला. एकाने मागच्या वर्षीचाच फोटो टाकला होता, त्यालाही वरून अंगठा आला. पण उगाच जोखीम कशाला?