‘दोन ओळींचं तर काम’

दाजींनी पहाटे साडेपाचला फॉरवर्ड टाकला: ‘सॉफ्टवेअरवाल्यांची लूट ओळखा!’ चार मुद्दे, आणि खाली दाजींची स्वतःची भर: ‘तुझं यावर काय म्हणणं?’ त्यांची सांगलीत औषधांची एजन्सी, जीएसटी बदलासाठी बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याचं कोटेशन नुकतंच आलेलं. मी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या जुन्या कोडची डागडुजी करून पोट भरतोय. तर घ्या.

‘जीएसटी बदलला म्हणजे 12 च्या जागी 5. एका आकड्याचे पैसे कसले?’

दाजी, 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधं 12 वरून 5 टक्क्यांवर आली. ऑगस्टमध्ये विकलेल्या स्ट्रिपा ऑक्टोबरात परत आल्या तर क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या मालाची वजावट, कितीने? 12 नेच, मूळ बिल 12 चं आहे. जुनं बिल पुन्हा छापलं तरी त्यावर 5 उमटता कामा नये. आता कोडमध्ये 12 शोधा: वर्षाचे महिने 12, डझन 12, फॉन्टचा आकार 12. आणि एमआरपीतून कर काढताना कुणीतरी 12 न लिहिता थेट 1.12 ने भागलंय. पैसे आहेत ते या शोधाशोधीचे.

‘नवा प्रोग्रॅम अवघड, चालू प्रोग्रॅममध्ये भर घालायला धोका नसतो.’

इथे मात्र डोकं फिरलं. 1 ऑगस्ट 2012, अमेरिका. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली बडी कंपनी. तिने चालू प्रोग्रॅममध्ये भर घातली आणि 2003 पासून न वापरलेल्या एका सोयीचा फ्लॅग, म्हणजे ती चालू-बंद करणारी खूण, नव्या कामाला जुंपला. जुना कोड तिथेच पडून होता. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहिला. बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवर जुनी सोय जागी झाली. सुमारे 45 मिनिटांत 40 लाखांहून जास्त सौदे, 46 कोटी डॉलरच्या वर तोटा. एसईसी या तिथल्या बाजार नियामकाचा 2013 चा आदेश वाचा. किती शेअर झाले ते मोजून थांबवणारा भाग कंपनीने 2005 मध्ये कोडात दुसरीकडे हलवला होता. त्यानंतर जुनी सोय नीट चालते का, हे कुणी तपासलंच नाही, म्हणून ती थांबलीच नाही. बिनधोक भर म्हणे!

‘एआय पाच मिनिटांत करतं.’ लिहितं, मीही वापरतो. पण 10+1 स्कीममधला फुकटचा माल तुमचे दिवाणजी वेगळ्या बिलात शून्य भावाने टाकतात, हे त्याला कोण सांगणार? मलाही ते गेल्या दिवाळीत त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो तेव्हा कळलं.

‘हे लोक दिवस वाढवून सांगतात.’ बरं, सांगतात काही जण. अंदाज चुकेल या धास्तीने दीडपट मीही लिहिलंय. तुमच्या कोटेशनातल्या आठ दिवसांपैकी दोन नुसतेच ‘इतर’ खाली आहेत, त्यांचा हिशेब मागा. परतीच्या मालाची तपासणी मात्र त्यात कुठेच नाही. ती आधी घालायला लावा, मग सही करा.