हळद एकच होती, हाच गुन्हा

दुपारी दीडला सांगलीहून फोन. "सायेब, गाडी भरून हुबी हाय, बिल कुठं अडकलंय ओ?" कुठं अडकलंय? माझ्या नरड्यात!

बिलात माल एकच, हळद पावडर. गिऱ्हाईक दिल्लीच्या खारी बावलीतलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर बिलाची माहिती एक्सएमएल या साच्यात ओकतं, सरकारी ई-इनव्हॉइसला ती जेसन या दुसऱ्या साच्यात लागते आणि मध्ये दुभाषी म्हणून बसवली आहे एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड. काल बारा आयटमचं बिल सुतासारखं सरळ गेलं. आज आयटम एकच म्हटल्यावर या बयेने परस्पर ठरवलं, एकच आहे ना, मग यादी कशाला? चौकटी कंस गायब. अॅरेच्या, म्हणजे यादीच्या, जागी नुसता ऑब्जेक्ट, म्हणजे एकच सुटी नोंद. तिकडे सरकारी स्कीमात, म्हणजे ठरलेल्या नमुन्यात, आयटमलिस्ट म्हणजे अॅरे, मग आयटम एक असो नाहीतर हजार. रिजेक्ट.

अगं, एकटे काका दारात आले तरी आपण "काका आले" म्हणतो. "काका आला" म्हणून बघ घरात, पाठीत धपाटा बसतो. समोर एकच असला तरी बहुवचनात बोलायचं, ही रीत शेंबड्या पोराला कळते आणि हिला कळत नाही. एक्सएमएलमध्ये एकुलता एक टॅग (माहितीवरची नावाची चिठ्ठी) दिसला की तो सुटा आहे की यादीतला पहिला, हे नुसतं बघून कळत नाही, मान्य. मग विचार ना! अंदाज कसले बांधतेस? लग्न ठरवतेयस का कुणाचं?

कंस हाताने घातले, पुन्हा पाठवलं. आता एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा ठरलेला क्रमांक, चुकला. हळदीचा कोड ०९१०३०. बयेने तो आकडा समजून पुढचं शून्य गिळलं, उरले ९१०३०. कोड आहे तो! त्याची बेरीज करायची आहे का कुणाला? तेवढ्यावरही भागलं नाही, दिल्लीचा स्टेट कोड ०७, त्याचा झाला ७. आपला महाराष्ट्राचा २७ असल्यामुळे इतके दिवस हे पाप झाकलेलं राहिलं.

फोन. "ड्रायव्हरचा तिसरा चा झाला सायेब."

आकड्यांवरून आठवलं. गेल्या वर्षी पगाराच्या फाइलमध्ये अठरा आकडी खाते नंबर होते. ही लायब्ररी ज्या भाषेत चालते त्या जावास्क्रिप्टचा आकड्यांतला नेमकेपणा २ च्या ५३ व्या घातापाशी, म्हणजे सोळाव्या आकड्यातच, दम तोडतो. शेवटचे आकडे गुपचूप बदलले, एरर नाही की काही नाही. पगार कुणाच्या खात्यात जायचा होता ते देव जाणे, वेळेवर दिसलं म्हणून वाचलो. आणि ते रिकामे टॅग! कुठली लायब्ररी त्याचा नल (काहीच नाही) करते, कुणी रिकामी स्ट्रिंग (मजकूर), कुणी रिकामा ऑब्जेक्ट. अॅट्रिब्यूटला, म्हणजे टॅगच्या पोटातल्या जादा माहितीच्या नावाला, एक जण @ चिकटवतो, दुसरा $, तिसरा अंडरस्कोर. दुकानाच्या नावात '&' असेल तर दोन फेऱ्यांत त्याची एएमपी-एएमपी अशी आगगाडी होते. पूर्वी लोक 'आणि मंडळी' लिहायचे, काय वाईट होतं?

हे सगळं एखाद्या कॉमेंटमध्ये, म्हणजे फक्त माणसांसाठीच्या शेऱ्यात, लिहून ठेवावं, तर जेसनमध्ये कॉमेंटच नाही. जेसनचा जनक डग्लस क्रॉकफर्डने ती मुद्दाम काढली, कारण लोक तिच्यात पार्सरसाठी (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी) सूचना कोंबायला लागले होते. म्हणजे चार जण ओसरीवर थुंकले म्हणून अख्ख्या गावाची ओसरी पाडायची.

आणि ज्यांच्या मते हे "नुसतं फॉरमॅट बदलणं, पाच मिनिटांचं काम" आहे, त्यांनी ती पाच मिनिटं मला कॅलेंडरवर दाखवावीत. "ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाक ना" म्हणणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही. गिऱ्हाइकाचं बिल कुठल्या तरी जाहिरातींच्या उकिरड्यावर टाकू?

पावणेपाचला सगळं हाताने दुरुस्त करून पाठवलं. गाडी सुटली. मग या लायब्ररीच्या नावाने सणसणीत तक्रार लिहायला बसलो आणि दाखला हवा म्हणून तिचं डॉक्युमेंटेशन उघडलं.

पहिल्याच पानावर. एक आयटम असला तरी यादीच ठेवायची सेटिंग. तिच्याखाली दोन ओळींवर, आकड्यांना हात लावू नकोस, स्ट्रिंगच राहू दे, याची सेटिंग. दोन्ही मुळात बंद. पोरांना उठसूट "आधी डॉक्युमेंटेशन वाचा रे" म्हणून झापणारा मी, तीन वर्षं ही लायब्ररी वापरतोय आणि हे पान आज पहिल्यांदा बघितलं. तक्रार मुकाट्याने पुसली. पोरं घरी गेली होती हे एक बरं.

रागाच्या भरात दोन्ही सेटिंग चालू करून टाकल्या. यादीची सेटिंग कुठल्या टॅगला लावायची ते सांगावं लागतं, हे तिसऱ्या ओळीत होतं. आता बिल नंबरही चौकटी कंसात येतोय, तारीखही, विकणाराही. सगळेच आदरार्थी बहुवचनात.

फोन वाजतोय. दुसरी गाडी भरली वाटतं.