जपानवाला काय म्हणतो?

घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. राजगडावरच्या कचऱ्याचा फोटो टाकून आतेभावाने लिहिलं, ‘जपान्यांनी बघा सामुराईंचा वारसा कसा जिवापाड जपलाय! नाहीतर आपण.’ धडाधड अंगठे. मग मावशी, ‘आपला जपानवाला काय म्हणतो?’ जपानवाला, म्हणजे मी, तेव्हा उद्याच्या प्लास्टिक कचऱ्याच्या पिशव्या बांधत होता. गप्प बसला, पण धुसफूस काही गेली नाही.

जिवापाड? १८७३ मध्ये सामुराईंची राजवट संपवून आलेल्या मेइजी सरकारने फर्मान काढून देशभरचे किल्ले निकालात काढले. कुठे पाडले, कुठे लाकूड-कौलांसकट लिलावात. मात्सुमोतो किल्ल्याचा मनोरा टिकला तो इचिकावा र्योझो या स्थानिक माणसाने तिथे प्रदर्शनं भरवून पैसा उभा केला म्हणून. असे अस्सल जुने मनोरे आज जपानभरात उरलेत फक्त १२. युनेस्कोच्या यादीत २०२५ मध्ये आपले किल्लेही १२च गेले. ग्रुपवर हे टाकलं नाही, आतेभाऊ त्यातूनही काहीतरी शोधून काढेल.

आमच्या नागोयाचा किल्ला १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाला. आता दिसतो तो मनोरा १९५९ चा, सिमेंटचा, आत लिफ्टवाला. भूकंपात टिकेल याची खात्री नाही म्हणून २०१८ पासून तोही बंद. आता म्हणे लाकडाचा बांधायचा, पण त्यात लिफ्ट हवी की नको यावर वर्षानुवर्षं भांडण. इथला पेपर वाचताना अगदी पुण्यात बसल्यासारखं वाटतं.

आणि हे सामुराई, म्हणजे जपानचे योद्धे, तरी कोण? बायकापोरं धरूनही लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आत. मेइजीच्या आधीच्या, तोकुगावा घराण्याच्या राजवटीतल्या अडीचशे वर्षांच्या शांततेत बहुतेकांची तलवार कमरेलाच राहिली. काम कारकुनी, पगार तांदळात, आणि तो पुरेना म्हणून खालच्या दर्जाचे कित्येक जण घरी छत्र्या बनवायचे. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, तनख्यांच्या जागी रोखे हातात ठेवले. हे करणाऱ्या सरकारात वरच्या जागी कोण होते? बहुतेक सामुराईच! पुढच्याच वर्षी साइगो ताकामोरी या सामुराई पुढाऱ्याचं बंड सरकारी फौजेने मोडलं, तिच्यात सक्तीने भरती केलेली शेतकऱ्यांची पोरं होती.

आतेभावाच्या स्टेटसवर असतो तो ‘बुशिदो’, म्हणजे सामुराईंची आचारसंहिता, जगभर गेला १९०० च्या एका इंग्रजी पुस्तकामुळे. लेखक नितोबे इनाझो, सामुराईचा मुलगा, बायको अमेरिकन, लिहिलं अमेरिकेत. घरापासून हजारो मैलांवर बसून परक्यांना आपल्या घराचं मोठेपण सांगणारा माणूस.

इथे मात्र माझं हसू अडलं.

कारण मागच्या बोनेनकाईत, म्हणजे ऑफिसच्या वर्षअखेरच्या पार्टीत, काचोसानने, म्हणजे आमच्या साहेबांनी, विचारलं होतं, ‘तुमच्याकडे सामुराई होते का?’ मी बिअर बाजूला ठेवून अर्धा तास बोललो. गनिमी कावा, प्रतापगड, आग्र्याहून सुटका. वतनांची भांडणं गाळली. पानिपत गाळलं. गडावरचा कचरा तर गाळलाच. सगळे ‘सुगोई’, म्हणजे भारीच, म्हणाले आणि मला घरी येईपर्यंत थंडी वाजली नाही.

हिमेजीचा किल्ला मी चारदा पाहिलाय. राजगड चढलो तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, नंतर नाही. आतेभावाचा फोटो रात्री पुन्हा उघडला आणि मोठा करून बघत बसलो. खाली त्याने ‘पद्मावती तलावाजवळ’ असं लिहिलंय. मला ती जागा ओळखू येईना.