रोममधील पौरोहित्य हे वतन नव्हते

‘प्राचीन रोममध्ये धर्म ही मूठभर पॅट्रिशियन घराण्यांची मिरास होती, पौरोहित्य बापाकडून मुलाकडे जाई आणि प्लेबियनांना त्यात कधीच शिरकाव मिळाला नाही,’ असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. (पॅट्रिशियन म्हणजे रोमचा जुना उमराव वर्ग, प्लेबियन म्हणजे बाकीचे सामान्य नागरिक.)

त्यातला ‘कधीच’ तर लगेच निकालात निघतो. इ.स.पू. ३०० च्या ओगुल्नियन कायद्याने पाँटिफेक्स या प्रमुख पुरोहितांच्या मंडळात चार आणि शकुन पाहणाऱ्या ऑगरांच्या मंडळात पाच प्लेबियन वाढवले गेले, आणि पुढे त्याच शतकात तिबेरियस कोरुनकानियस हा प्लेबियन थेट पाँटिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे त्या मंडळाचा प्रमुख, झाला.

वंशपरंपरेचा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा. मंडळे आपल्या रिकाम्या जागा पूर्वी स्वतःच भरत, त्यामुळे पुरोहितांच्या मुलांची वर्णी सहज लागे, हे खरे. पण हा वशिला झाला, वारसाहक्क नव्हे. उलट, एका मंडळात एकाच कुळातले दोघे चालत नसत. इ.स.पू. ५७ मध्ये कॉर्नेलियस कुळातल्या लेंटुलुस स्पिंथर या नेत्याला आपल्या मुलाला ऑगर करायचे होते. परंतु त्याच कुळातला फाउस्टुस सुल्ला तिथे आधीच बसलेला असल्याने मुलाला चक्क मानलियस कुळात दत्तक द्यावे लागले. जिथे कुळाचे नावच आड येते, तिथे वतन कसले? शिवाय इ.स.पू. १०४ च्या कायद्यानंतर या जागांसाठी ३५ पैकी १७ जमातींचे (म्हणजे नागरिकांच्या मतदार गटांचे) मतदान होऊ लागले. इ.स.पू. ६३ मध्ये कर्जात बुडालेला सीझर दोन ज्येष्ठ प्रतिस्पर्ध्यांना हरवून पाँटिफेक्स मॅक्सिमस झाला, तो मतांच्या जोरावर.

घराण्यांचे स्वतःचे कुलाचार मात्र होते, आणि मजकुरातला सत्यांश तेवढाच. हर्क्युलिसच्या महावेदीची पूजा पोटिटियस आणि पिनारियस या कुळांकडे होती. पण तीही इ.स.पू. ३१२ मध्ये सार्वजनिक गुलामांकडे सोपवली गेली. देवाच्या कोपाने वर्षभरात पोटिटियस कुळ निर्वंश झाले, ही रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेली कथा वाचावी ती कथा म्हणूनच.

राहता राहिली पॅट्रिशियनांसाठी अखेरपर्यंत राखीव असलेली मोजकी पदे. त्यांपैकी ज्युपिटरच्या पुरोहिताला, म्हणजे फ्लामेन दियालिसला, घोड्यावर बसण्याची आणि सज्ज सैन्य पाहण्याचीही मनाई होती. सेनापतिपदावर डोळा असलेल्या घराण्यांना असला मान नकोसाच वाटत असणार, इ.स.पू. ८७ पासून ११ पर्यंत ते पद रिकामेच पडून होते.