बसायचे तीन युरो

फ्लॉरेन्सचा आमचा आज पहिला दिवस, आणि मला आत्ताच्या आत्ता कुणाशी तरी भांडायचंय. मिस्टरांशी सकाळपासून तीनदा भांडून झालंय, आता त्यांच्यात चौथ्याचा जीव नाही. म्हणून हे लिहितेय.

तक्रार एकच. या गावात बसायला जागा नाही. म्हणजे जागा आहे, खुर्च्या तर पावलोपावली मांडून ठेवल्यात, पण टेकलात की मीटर सुरू.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने ही ट्रिप ठरवून दिली. सकाळी रोमहून दीड तासात सांता मारिया नोव्हेला स्टेशनला उतरलो. हॉटेल चालत बारा मिनिटं, टॅक्सी कशाला, असं ह्यांचं म्हणणं. ती बारा मिनिटं गुळगुळीत डांबरावरची असतील. इथे सगळे जुने दगड बसवलेले रस्ते, बॅगेची चाकं खडाखडा वाजतात आणि दर चार पावलांनी फटीत अडकतात. स्टेशनवर चार चाकांची बॅग होती, हॉटेलपाशी तीन चाकांची झाली. खोली तीन वाजता मिळेल म्हणाले. बॅगा टाकल्या आणि निघालो. तेव्हापासून मी उभी आहे.

आधी मोठं चर्च, दुओमो. घुमटावर जायचं तर 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी ठरवून तिकीट काढावं लागतं. ते आमच्याकडे नव्हतं. माझ्या गुडघ्यांनी मनातल्या मनात पेढे वाटले. आत जायला मात्र पैसे नाहीत, म्हणून रांग अशी की शेवट कुठे ते शोधायलाच अर्धी प्रदक्षिणा झाली. तासभर उन्हात उभं राहून दारापाशी पोचलो तर तिथल्या माणसाने ह्यांच्या हाफ पँटकडे बोट दाखवलं. गुडघे झाकलेले हवेत. आदल्या रात्री मी तीनदा सांगितलं होतं की फुल पँट घाला. "अगं, युरोप आहे, तिथे कोण बघतंय?" हे उत्तर मिळालं होतं. शेवटी माझी ओढणी, डोहाळजेवणातली शोभेल अशी आंबा कलरची, लुंगीसारखी कमरेला गुंडाळून स्वारी आत गेली. फोटो काढलाय, फॅमिली ग्रुपवर टाकलाय.

घुमट बघून तोंडात बोट गेलं, खोटं कशाला बोलू. विजापूरचा गोलघुमट पाहिलेली बाई आहे मी, पण ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने एवढं अवाढव्य बांधकाम खालून लाकडी सांगाड्याचा टेकू न देता रचत नेलं आणि 1436 ला पुरं केलं, हे वर मान करून बघताना अंगावर काटाच येतो. पण मान किती वेळ वर करणार? बाकं होती ती दोरीच्या पलीकडे. आमच्या वाट्याला आली ती उभी गल्ली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता कॉफी, आणि बसून. चौकातल्या एका कॅफेत शिरलो. भिंतीवर दराचा बोर्ड, त्यात दोन रकाने. एकाच कापुचिनोला एकीकडे 1.80, दुसरीकडे 5.50. मला वाटलं लहान आणि मोठा कप. नाही हो. तोच कप, तेवढीच कॉफी. 1.80 ला 'बांको', म्हणजे काउंटरला उभ्याने प्यायची. 5.50 ला 'ताव्होलो', म्हणजे टेबलावर. आता गंमत बघा. बांको या शब्दाचा मूळ अर्थ बाकडं. याच मुलखातले जुने सावकार बाजारात बाकडं टाकून पैशाचे व्यवहार करायचे, त्या बाकड्यावरून बँक हा शब्द आला. मेदिची या बड्या सावकार घराण्याची पेढी याच गावात 1397 साली उभी राहिली. आणि त्याच गावात आज बाकड्याचा दर म्हणजे उभं राहण्याचा दर! आम्ही उभ्याने प्यायलो. 7 युरो 40 सेंट वाचले म्हणून हे इतके खूश की जणू मेदिचींनी वारस नेमलंय.

पुढे कळलं की सोमवार आहे. सोमवारी इथली दोन्ही मोठी संग्रहालयं, उफिझी आणि अकादेमिया, बंद. म्हणजे मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा अकादेमियाच्या आतमध्ये सुट्टीवर. मग सिन्योरियाच्या चौकात जाऊन त्याची प्रतिकृती बघितली, जी 1910 पासून तिथे उभी आहे. खरा 1873 मध्येच आत हलवला. त्याच्याकडे बघून मला एकच वाटलं, बाबा रे, तूही उभाच का!

जेवणाची वेगळीच तऱ्हा. हे सगळं होईपर्यंत सव्वातीन. गल्लीबोळातली बरी दिसणारी सगळी हॉटेलं बंद, आता सातनंतर. उघडी असतात ती फक्त चौकाच्या तोंडावरची, चित्रांचं मेन्यूकार्ड धरून बोलावणारी. गेलो तिथेच, दुसरा इलाज नव्हता. आम्ही कोल्हापूरची माणसं, मटणाला कधी नाही म्हणत नाही, पण इथली शान म्हणजे बिस्तेक्का, गाईच्या मांसाचा भाजलेला जाड तुकडा, आणि गाडीवर मिळतं ते लांप्रेदोत्तो, तेही गाईच्याच पोटातलं. उरलं रानडुकराचा पास्ता आणि रिबोल्लीता. पास्ता ह्यांनी घेतला, रिबोल्लीता मी. नाव कसं भारदस्त! आलं काय, तर शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी एकत्र शिजवून पुन्हा उकळलेलं. आमच्याकडे कालच्या भाकरीला फोडणी देतात ना, तेच, फक्त फोडणी नाही. सोबत पाव, त्याला मिठाचा कण नाही. मला वाटलं विसरले. नाही, तोस्कानात, म्हणजे या प्रांतात, पाव अळणीच करतात, शतकानुशतकं. बरं, करा. पण मग टेबलावर मीठ तरी ठेवा!

आणि मग बिल आलं. रिबोल्लीता 13, पास्ता 15, पाण्याची बाटली 4, आणि सगळ्यात वर 'कोपेर्तो 2 × 3,00'. मी वेटरला विचारलं, हे काय आम्ही मागवलं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, माणशी तीन युरो, टेबलक्लॉथ, काटे-चमचे आणि पाव. टेबलावर कापड नव्हतं, कागद होता. पाव अळणी होता. म्हणजे सहा युरो कशाचे? बसल्याचे! रुपयांत हिशेब करायचा नाही असं विमानतळावरच ठरलं होतं, तरी माझी बोटं आपोआप मोजायला लागली. वर पाण्याचे चार युरो देऊन बाहेर पडलो तर कळलं की सिन्योरियाच्या चौकातच फुकट पाण्याचा नळ आहे. गार, शिवाय सोड्याचंही. तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पायांचा आता भुगा झाला होता. एका चर्चच्या पायऱ्यांवर टेकले, पिशवीतून चिवडा काढला, पहिला बकाणा तोंडात जातोय तोच युनिफॉर्ममधला एकजण हात हलवत आला. खायचं नाही, उठा. नंतर फोनवर वाचलं तेव्हा सगळं उलगडलं. 2017 च्या उन्हाळ्यात इथल्या महापौरांनी जेवणाच्या वेळेला सांता क्रोचेसारख्या चर्चच्या पायऱ्यांवर पाइपने पाणी मारायला लावलं होतं, लोकांनी तिथे बसून खाऊ नये म्हणून. पुढच्याच वर्षी काही गल्ल्यांत फुटपाथवर बसून खाल्लं तर 500 युरोपर्यंत दंड. आता, गावाची बाजू मला कळत नाही असं नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती जी गर्दी होते ती मी जन्मभर बघतेय, आणि इथे ती रोज. खरकटं टाकून जाणारे जातात, झाडायला गावच. पण मग बाकडी टाका की हो! कपभर कॉफी 5.50 ला विकणाऱ्या गावाला चार बाकडी जड आहेत?

बसायला फुकट जागा शेवटी कुणी दिली? मेलेल्या सावकारांनी. पालाझ्झो स्त्रोत्सी म्हणून एक राक्षसी वाडा आहे, 1489 ला पाया घातलेला. त्याच्या बाहेरच्या भिंतीला खालून दगडी बाक काढलाय, लांबच लांब. मेदिचींच्या वाड्यालाही आहे म्हणे. तेव्हाच्या श्रीमंतांनी वाड्याला ओटा ठेवला होता, कामासाठी आलेल्यांनी, रस्त्याने जाणाऱ्यांनी टेकावं म्हणून. त्या ओट्यावर मी बूट काढून पाऊण तास बसले. शेजारी दोन म्हाताऱ्या इटालियन बायका तावातावाने कुणाची तरी उणीदुणी काढत होत्या. भाषा कळली नाही, विषय कळला. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसल्यासारखं वाटलं. उठले तेव्हा डाव्या टाचेला पैशाएवढा फोड.

त्यानंतरचा पोंते वेक्क्यो म्हणजे पुलावर मांडलेली आमची गुजरी, कोल्हापूरची सराफ गल्ली. 1593 मध्ये कसायांना हाकलून सोनारांना तिथे आणलं, दोन्ही बाजूंनी दुकानंच दुकानं. बघितला. उभ्याने.

आणि ज्याच्यासाठी मी खरं तर फ्लॉरेन्स मागितलं होतं ते राहिलंच. आमचे राजाराम महाराज, कोल्हापूरचे छत्रपती, विलायतेहून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला याच गावात वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि 1874 ला तिथे त्यांची छत्री उभी राहिली. जवळच्या पुलाला अजून 'इंडियनचा पूल' म्हणतात. माझे आजोबा सांगायचे तेव्हापासून मनात होतं. छत्री काशीने पार्कच्या पार टोकाला आहे. ट्राम पार्कच्या अलीकडच्या बाजूला सोडते, पुढे चालत. हे फोन बघून म्हणाले, "अगं, तीनच किलोमीटर तर आहे." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. परत फिरलो.

आता रात्रीचे साडेनऊ. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वर माणशी रात्रीचा पर्यटक कर वेगळा. इटलीत घराघरातल्या बाथरूमला बिदे, म्हणजे कमोडशेजारचं धुवायचं बसकं भांडं, असतंच, 1975 पासून तसा नियम आहे. त्यात कोमट पाणी सोडून, हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावरून मागून आणलेलं मीठ टाकून, मी कमोडच्या झाकणावर बसलेय आणि दोन्ही पाय त्यात सोडलेत. मीठ आहे तर यांच्याकडे, पावातच घालत नाहीत.

बाहेरून आवाज आला, "अगं, उद्या सकाळी पहिलं छत्रीलाच जाऊ."

"अहो, आधी टॅक्सी सांगा. आणि फुल पँट घाला."