‘डॉक्टरांचा नंबर बदलला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

भाऊ, नमस्कार. आप्पांना नव्या चष्म्याचा त्रास झाला आणि कार्डावर काय लिहिलंय ते त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. पण ते कारण आप्पांच्या काय कामाचं.

मात्र एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की धुळ्याच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला +१.००, सिलिंडर (काचेच्या दोन दिशांच्या ताकदीतला फरक) +०.५०, अ‍ॅक्सिस (तो सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा ते अंश) ९० लिहून दिला होता आणि आमच्या कार्डावर +१.५०, −०.५०, १८० आहे, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्याच नंबरच्या काचा बसवून दिल्या. वर ‘फसवणूक’ हा शब्द. तो वाचल्यापासून घास गोड लागत नाही. अमळनेरसारख्या गावात दुकान नावावर चालतं. बोरीकाठच्या खेड्यांतली माणसं एकमेकांना विचारून आमच्याकडे येतात, आणि आता त्यांची मुलं आधी मोबाइलवर तुमचा रिव्ह्यू वाचतील.

भाऊ, नंबर बदललेला नाही. तोच नंबर दुसऱ्या पद्धतीने लिहिलाय. पावणेदोन म्हटलं काय आणि एक वाजून पंचेचाळीस मिनिटं म्हटलं काय, वेळ तीच.

सिलिंडर नंबराच्या काचेत एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन दिशा असतात आणि दोन्हींची ताकद वेगळी असते. आप्पांच्या उजव्या काचेत उभ्या दिशेला +१.०० आणि आडव्या दिशेला +१.५० ताकद हवी आहे. डॉक्टरांनी १.०० पासून सुरुवात करून ‘०.५० वाढवा’ असं लिहिलं. आम्ही १.५० पासून सुरुवात करून ‘०.५० कमी करा’ असं लिहिलं, कारण आम्ही काचा मागवतो तिथे मायनस सिलिंडरने लिहायची पद्धत आहे. काही डॉक्टर प्लसने लिहितात, काही मायनसने. दोन्ही बरोबर.

घरबसल्या पडताळून बघा. पहिल्या आकड्यात सिलिंडरचा आकडा त्याच्या चिन्हासकट मिळवा: १.०० आणि ०.५० मिळून १.५०. सिलिंडरचं चिन्ह उलटं करा. अ‍ॅक्सिस ९० ने फिरवा. तो १८० च्या वर जात नाही, म्हणून ९० किंवा त्याहून कमी असेल तर ९० मिळवायचे, जास्त असेल तर वजा करायचे. डाव्या डोळ्याला डॉक्टरांचं +०.७५, +०.७५, १८० आहे, आमचं +१.५०, −०.७५, ९०. तेही जुळेल. हे तिन्ही आकडे एकदम बदलले तरच काच तीच राहते. आम्ही त्यातला एकच बदलला असता, समजा नुसता अ‍ॅक्सिस, तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी ठरली असती आणि मी हात जोडून काचा बदलून दिल्या असत्या.

कागदावर खाली ‘अ‍ॅड +२.००’ आहे, तेही सांगून ठेवतो. हा जवळचा पूर्ण नंबर नव्हे; तो दूरच्या नंबरात मिळवायचा असतो. त्यामुळे चष्म्याच्या खालच्या भागात उजवीकडे डॉक्टरांच्या पद्धतीने +३.०० किंवा आमच्या पद्धतीने +३.५० निघाला, तर पुन्हा आमच्यावर संशय नको.

राहिली फरशी तिरपी दिसण्याची गोष्ट. आप्पांच्या जुन्या चष्म्यात सिलिंडर नव्हताच, साधा प्लस होता. पहिल्यांदा सिलिंडर लागला की जमीन कललेली वाटते, बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत सवय होते. पायऱ्या उतरताना मान खाली करून वरच्या काचेतून बघायचं, खालचा भाग वाचायचा आहे. आणि एक विनंती: आप्पा चष्मा एका हाताने ओढून काढतात, कपाळावर चढवून ठेवतात. त्याने फ्रेम वाकते, काच डोळ्यासमोर तिरकी बसते आणि अ‍ॅक्सिस सरकतो. हे मी दोष द्यायला लिहीत नाही, त्यांचं वय आणि शेतातली घाई मला कळते.

तुम्ही पुण्याला असता, कार्डाचा फोटो बघून काळजी वाटली, हे समजू शकतो. आईवडील गावी असले की असंच होतं. पण त्याच कार्डावर दुकानाचा फोन नंबर आहे. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. सरळ चारचौघांत ‘फसवणूक’ लिहिलंत, ते फार लागलं. आप्पा आमचे जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांच्याकडून पाच रुपये जास्त घ्यायलाही हात धजावत नाही.

आप्पांना कागद आणि चष्मा घेऊन पाठवा. त्यांच्यासमोर लेन्समीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, लावून दाखवतो, फ्रेम सरळ करून देतो, पैसे नाहीत. आमच्यावर भरवसा नसेल तर गावातल्या दुसऱ्या कुठल्याही चष्म्याच्या दुकानात तपासून घ्या. दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला तर डॉक्टरांकडे पुन्हा दाखवू; नंबरात फरक निघाला तर काचांचं मी बघतो. कार्डावर डॉक्टरांच्या पद्धतीनेही नंबर लिहायचं मनात आहे, बघू कसं जमतं ते.

स्टार किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. खात्री पटल्यावर ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा काढा, एवढंच मागणं आहे.